शेजारच्या दुकानात निघालेलं पान

कॉम्प्युटर बिघडला तर माणसं दोन दिवस कळ काढतात, पण प्रिंटर बिघडला तर दोन मिनिटंही काढत नाहीत. पेण आणि रोहा या दोन गावांमध्ये अर्धं आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात घालवल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकते. स्क्रीनवर काय दिसतं याचा लोकांना फारसा भरवसा नसतो. हातात कागद आला की काम झालं. त्यामुळे मला येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्यानं होते, “ताई, छापत नाय.”

मी मुळात टायपिंग शिकवणारी. पेणला आमची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि शिकवण्यापेक्षा दुरुस्त करण्यातच माझा वेळ जायला लागला. माझी गिऱ्हाइकं लहान लहान: एखादा डॉक्टर, एखादा वकील, भातगिरणी, गणपतीचे कारखाने. त्यांची यंत्रं जुनी, त्यावर विंडोजच्या चोरीच्या कॉपी घातलेल्या, आणि पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनं बेजार झालेली. मी त्यांना विंडोजऐवजी लिनक्स घालून द्यायला लागले. ते फुकट मिळतं म्हटल्यावर लोक आधी संशयानं बघायचे. हमरापूरच्या एका मूर्तिकारानं मला सरळ विचारलं होतं, “बाई, हे शाडूसारखं हाय का पीओपीसारखं?” मी म्हटलं, “शाडूसारखं. सांभाळायला लागतं, पण त्रास देत नाही.” ते त्याला पटलं. पुढे त्याच्याकडून छपाईची तक्रार आली तेव्हा त्यात लिनक्सचा काही दोष नव्हता. स्प्रे मारायच्या खोलीतच प्रिंटर ठेवलेला आणि रोलरवर गुलाबी रंग बसलेला. त्या हंगामात त्याच्या खोक्यांवरची सगळी लेबलं लाजल्यासारखी दिसत होती.

लिनक्सची छपाईतली एक खोड मात्र इथं सांगायला हवी, कारण पुढची सगळी हकिगत तिच्यावरच उभी आहे. प्रिंटरमध्ये कागद अडकला की लिनक्स त्या प्रिंटरचं काम थांबवतं आणि पुष्कळदा थांबवूनच ठेवतं. कागद काढला तरी आपणहून सुरू करत नाही. कुणीतरी जाऊन ‘आता चालू कर’ असं सांगावं लागतं. माणसाला हे माहीत नसतं. तो बटण दाबत राहतो. गडबला हायवेवर एक हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या मालकानं रागारागानं दुपारभर तेच एक पान छापायचा हुकूम दिला होता. मी जाऊन काम सुरू केलं तशी ती सगळी पानं एकामागून एक निघायला लागली. तो काही वेळ बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, “आता बंद कसा करायचा ते सांगा.”

दुसरी गोष्ट पोर्टची. पोस्टात कशा खिडक्या असतात, एक पार्सलची, एक बचत खात्याची, एक रजिस्टरची, तशाच कॉम्प्युटरला आकड्यांच्या खिडक्या असतात. छपाईची वेगळी, फायली देण्याघेण्याची वेगळी. एका लाइनवरची यंत्रं या खिडक्यांवर येऊन एकमेकांकडे काम मागतात. जिथं काम चालतं ती खिडकी उघडी हवी. पण पुष्कळ ठिकाणी गरज संपलेल्या खिडक्याही उघड्याच राहतात आणि आत कुणीतरी इमानदारीनं बसलेलं असतं, येईल त्याला मागेल ते द्यायला. अशा खिडक्या शोधून बंद करणं हे माझं दुसरं काम. ते केलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी कधी त्यासाठी फोन करत नाही.

रोह्याच्या डॉक्टर कारखानीसांनीही त्यासाठी केला नव्हता.

डॉक्टर कारखानीसांची रोह्यात बाजाराकडे रक्तलघवी तपासायची लॅब आहे. माणूस कामाला चोख, स्वभावाला तापट. त्या सकाळी फोनवर त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

“नलिनीबाई, तुम्ही आज येऊ शकाल? कॉम्प्युटरमधून रिपोर्ट कुणी कुणाला पाठवला, ते तुम्हाला काढता येईल का?”

“काय झालंय?”

“या तुम्ही. रंजनाला मी घरी बसायला सांगायच्या विचारात आहे.”

रंजना म्हणजे त्यांच्या लॅबमधली तंत्रज्ञ. गडबची राहणारी, नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर. लग्नानंतर, पोरं शाळेत जायला लागल्यावर, तिनं लॅबचा कोर्स केला होता. सुई टोचताना तिचा हात इतका हलका असे की लहान मुलांचं रक्त तपासायला लोक मुद्दाम तिची वेळ विचारून येत. मला ती आवडायची, कारण माझ्या गिऱ्हाइकांमध्ये यंत्र बिघडल्यावर ‘मी काय केलं’ हे खरं सांगणारी ती एकटीच होती.

मी दुपारच्या गाडीनं रोह्याला गेले. डॉक्टरांनी केबिनमध्ये बसवून झालेला प्रकार सांगितला. वैशाली नावाची एक बाई, अष्टमीला राहणारी, कपडे शिवायचं काम करते. लग्नाला बरीच वर्षं झालेली. मागे दोनदा दिवस राहिले आणि टिकले नाहीत. आता पुन्हा राहिले असं वाटून ती गुपचूप तपासायला आली होती. रिपोर्टात दिवस राहिल्याचंच निघालं. तिनं ठरवलं होतं, पहिले तीन महिने नवऱ्याशिवाय कुणालाही सांगायचं नाही. मागच्या वेळी आधी सगळ्यांना सांगितलं होतं आणि नंतर त्याच सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं होतं. पण ती बाजारहाट करून घरी पोचली तेव्हा गल्लीतली एक शेजारीण तिच्या सासूबाईंचं तोंड गोड करत बसली होती.

“आज सकाळी ती इथं आली होती,” डॉक्टर म्हणाले. “आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, माझ्या घरात मी सांगायच्या आधी बाहेरच्यांनी सांगितलं. आणि निघून गेली. रिपोर्ट फक्त मी आणि रंजनानं पाहिला होता. मी सांगितलं नाही. मग राहिलं कोण?”

“तुम्ही रंजनाला विचारलंत?”

“विचारलं. पेशंटसमोर विचारलं, ते चुकलं माझं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.”

रंजना आतल्या खोलीत काचपट्ट्या धूत होती. माझी चाहूल लागताच तिनं नळ बंद केला, पण वळली नाही.

“ताई, मी कुनाला दाखवला नाय,” ती म्हणाली. “पाकिटात घातला नि त्यांच्याच हातात दिला. माझं पण एक पोर असंच पोटातच गेलेलं हाय. मी असं करीन?”

मला हे माहीत नव्हतं. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि विचारलं, “त्या दिवशी छापताना काय झालं, ते मला पहिल्यापासून सांग.”

“पहिल्यापासून म्हणजे, त्याच्या आधीचा कागद अडकलेला. तो मी काढला. मग यांचा रिपोर्ट छापायला दिला, तर येईच ना. बाई बाहेर घाईला आलेल्या. मग मी प्रिंटर बंद करून चालू केला, खालचं ते ‘पुन्हा सुरू’ दाबलं, तुम्ही शिकवलेलं, आणि परत छापायला दिला. मग आला.”

“एकच पान आलं?”

“एकच.”

“पण तू दोनदा दिला होतास.”

ती आता वळली. “व्हय. दोनदा.”

काम थांबलेल्या प्रिंटरला सांगितलेलं पान हरवत नाही, ते रांगेत उभं राहतं. प्रिंटर सुरू झाला की आधी ते येतं, मग दुसरं. म्हणजे दोन पानं यायला हवी होती. एक आलं, याचा अर्थ दुसरं कुठंतरी छापलं गेलं होतं. एवढं कळल्यावर मला जरा हुशारी वाटली.

मी तिच्या यंत्रावर छपाईचं सेटिंग उघडलं. प्रिंटरच्या यादीत एकाच नावाचे दोन प्रिंटर होते. अक्षर न् अक्षर सारखं. एकाच्या पुढे बारीकसा आकडा तेवढा लागलेला.

“हे दोन कधीपासून दिसतात?”

“मला वाटलं, तुम्हीच घातलाय. एक अडकला की दुसरा वापरायचा, असं.”

मी डॉक्टरांना विचारलं, “तुमच्यासारखाच प्रिंटर आसपास कुणाकडे आहे?”

“शेजारच्या झेरॉक्सवाल्या इब्राहिमभाईंकडे,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना मीच सुचवला. माझा चांगला चालतो म्हणून.”

“आणि इंटरनेटची लाइन?”

डॉक्टरांनी भिंतीकडे बोट केलं. पावसाळ्यात त्यांची लाइन सारखी बंद पडायची, म्हणून शेजारच्या इब्राहिमभाईंनी आपलीच लाइन भिंतीला भोक पाडून आत दिली होती. शेजारधर्म म्हणून. डॉक्टरांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून लॅबचा कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान ही यंत्रांच्या हिशेबानं एकाच घरातली माणसं झाली होती. लिनक्सला लाइनवर नवा प्रिंटर दिसला की ते उपकार करायच्या बुद्धीनं त्याला यादीत आणून बसवतं. तसं ते बसवलं होतं. आपला प्रिंटर थांबलेला, दुसरा त्याच नावाचा आणि तयार दिसतोय. रंजनाच्या जागी मी असते तरी त्याच्यावरच दाबलं असतं.

मी रंजनाला कोऱ्या रिपोर्टचं पान उघडायला सांगितलं, ज्यावर फक्त लॅबचं नाव असतं. “त्या दिवशी पहिल्यांदा जिथं दाबलंस, तिथंच दाब.”

तिनं दाबलं. लॅबमधला प्रिंटर गप्प राहिला. मग बाहेर पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला आणि इब्राहिमभाई दारात आले. उंच, पांढरी दाढी, कितीतरी वर्षं कुवेतला एका कंपनीच्या ऑफिसात काढून परत आलेले. हातात ते पान होतं, पालथं धरलेलं.

“डॉक्टरसाब, तुमचं हे पान माझ्याकडं निगालं,” ते म्हणाले. “मशीन चुकलं काय?”

रंजना तिथंच स्टुलावर बसली आणि रडायला लागली. इब्राहिमभाईंना काही कळेना. डॉक्टरांनी त्यांना बसवून, नाव न घेता, काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“त्या दिवशी कॉलेजच्या पोरींचे प्रोजेक्ट होते,” ते आठवत म्हणाले. “मशीनमदून गठ्ठेच्या गठ्ठे निगत होते. अष्टमीकडच्या दोन बायकाही होत्या, आधारचे झेरॉक्स घ्यायला. मी ट्रेमदला कागद उचलून ज्याचा त्याला देत होतो. त्यात गेलं असणार. मी वाचत नाय कुणाचं कधी. पण बघायला पायजे होतं.”

“तुमची काय चूक?” मी म्हटलं.

“माझ्या दुकानातनं गेलं ना,” ते म्हणाले.

मग मी माझ्या कामाला लागले. कॉम्प्युटरच्या कुठल्या खिडक्या उघड्या आहेत ते दाखवायला लिनक्समध्ये एक साधा हुकूम असतो. तो दिल्यावर आलेली यादी मी दोनदा वाचली. डॉक्टर केबिनमधल्या लॅपटॉपवरून रिपोर्ट बघायचे, म्हणून रिपोर्टचं फोल्डर लाइनवर उघडं ठेवलेलं होतं. लाइन फक्त लॅबची होती तोवर ते घरातल्या घरात होतं. आता इब्राहिमभाईंच्या दुकानात वायफाय घेऊन बसलेला कुणीही कॉलेजचा मुलगा मनात आणलं असतं तर रोह्यातल्या निम्म्या लोकांची साखर बघू शकला असता. कुणी बघितली नव्हती, असं नोंदींवरून तरी दिसलं. मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “बंद करा. सगळं बंद करा.”

मी केलं. लॅबला वेगळी लाइन मागवेपर्यंत मधे कॉम्प्युटरातलीच एक भिंत, म्हणजे फायरवॉल, उभी केली, नको त्या खिडक्या बंद केल्या, नवे प्रिंटर आपणहून शोधून आणायची सवय मोडली, आणि यादीतून तो दुसरा प्रिंटर काढून टाकला. मी निघताना डॉक्टर रंजनासमोर उभे राहिले. पेशंट बसलेले होते, आणि मला वाटतं ते मुद्दामच तिथं उभे राहिले.

“रंजना, मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो.”

रंजना म्हणाली, “मला सॉरी नको, सर. त्या ताईला सांगा, मी नव्हते.”

डॉक्टरांनी मान हलवली. “उद्या लॅब बंद झाली की जाऊ. तू पण चल. नलिनीबाई, तुम्ही याल का? ते मशीनचं मला नीट सांगता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तशीही रोह्यालाच होते. फोन आला होता, “छापत नाय.” आमच्या धंद्यात हे ठरलेलं आहे. सुरक्षेसाठी खिडक्या बंद केल्या की पहिला बळी छपाईचा जातो. डॉक्टर केबिनमधल्या लॅपटॉपवरून बाहेरच्या प्रिंटरवर छापायचे, आणि ती वाट मी स्वतःच्या हातानं बुजवली होती. बाहेर उपाशीपोटी रक्त देऊन बसलेली माणसं चहासाठी तळमळत होती आणि डॉक्टर मला म्हणत होते, “आधी निदान छापत तरी होतं, बाई.” काल ज्यांनी ‘सगळं बंद करा’ म्हटलं होतं तेच हे. मला हसू आलं, पण ते मी खाली वाकून वायर बघत असताना आलं. मी छपाईची तेवढी खिडकी उघडली, ती फक्त त्यांच्या लॅपटॉपसाठी. लॅपटॉपला कायमचा एक पत्ता नेमून दिला, म्हणजे रोज नवा पत्ता घेऊन तो परक्यासारखा दारात उभा राहायला नको. पान निघालं. डॉक्टर म्हणाले, “हं.” ही त्यांची पावती.

दिवस कलल्यावर आम्ही अष्टमीला वैशालीच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं, आम्हाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. शिलाई मशीनवर कुणाचा तरी परकराचा घेर तसाच अर्धा टाकलेला होता. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं: पान दोनदा कसं गेलं, शेजारच्या दुकानात कसं निघालं, रंजनाचा त्यात काही हात नव्हता. डॉक्टर म्हणाले की जबाबदारी त्यांची आहे.

वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “रंजनाताईंनी सांगितलं नाही हे बरं झालं. मला त्यांचाच राग आला होता, त्या इतक्या चांगल्या वागल्या होत्या म्हणून. पण मशीननं सांगितलं काय आणि माणसानं सांगितलं काय, मला आता रोज सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचंय. काही झालं तर परत सगळ्यांना सांगायचंय.”

यंत्रातला दोष मी काढला होता आणि त्याचा मला आतून थोडा तोराही होता. तो त्या ओटीवर गेला. आपण खिडकी बंद करतो तेव्हा आधीच बाहेर गेलेलं काही परत आत येत नाही.

आम्ही उठलो. रंजना मात्र उठली नाही. ती वैशालीला म्हणाली, “तुमी लॅबला येऊ नका. पुढच्या तपासण्या करायच्या तवा मला फोन करा, मी घरी येऊन रक्त घेऊन जाईन. रिपोर्ट पण मीच आणून देईन. गडबला जायच्या आधी इथनं जायला मला काय लांब नाय.”

वैशालीनं नंबर लिहून घेतला.

नंतर मला कळलं की रंजना खरोखरच जात होती. रक्त घ्यायची, गप्पा मारायची, आणि एकदा वैशाली घाबरून गेली होती तेव्हा तिच्यासोबत दवाखान्यातही गेली. इब्राहिमभाईंनी आपल्या दुकानात मशीनपुढे एक लाकडी फळी लावून घेतली. आता त्यांच्याकडे कुणीही आलं तरी ट्रेमधला कागद ते स्वतःच उचलतात, पालथा करतात आणि आधी विचारतात, “तुमचं कोनतं?” गिऱ्हाइकं वैतागतात. ते ऐकत नाहीत.

डॉक्टरांनी वेगळी लाइन घेतली. ती बसवायला आणि एकदा सगळं नीट बघायला मी गेले, तेव्हा नेमकी वैशाली लॅबमध्ये बसलेली होती. मी तिला ओळखलंच नाही आधी. पोट चांगलं दिसत होतं, चेहरा भरलेला. तिला आता घरी रक्त द्यायचं नव्हतं; डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय, म्हणून चालत आले, म्हणाली. प्रिंटर कुरकुरला आणि पान बाहेर आलं. डॉक्टर केबिनमधून स्वतः उठून आले, पान उचललं, पालथं केलं, पाकिटात घालून रंजनाकडे दिलं. रंजनानं ते वैशालीपुढे धरलं.

वैशालीनं पाकीट घेतलं नाही.

“काढा बाहेर, आणि इथंच वाचून दाखवा,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं वाचा. पायरीवर सासूबाई बसल्यात. त्यांना कमी ऐकू येतं.”

रंजनानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली. रंजनानं पान बाहेर काढलं, घसा साफ केला आणि हिमोग्लोबिनपासून सुरुवात केली.